डबीवरचं कुंकू

धुळे, ता. १४ एप्रिल १९३५

चि. सौ. शेवंता हिस जीवरामचे आशीर्वाद.

तुझं कार्ड पोचलं. पाच ओळी, त्यातल्या तीन फोटोबद्दल. नवऱ्याची खुशाली विचारायला कार्डावर जागा उरली नसावी, असं मी धरून चालतो.

फोटोचं असं आहे, की छापायचा कागद मुंबईहून यायचा आहे. आला की छापीन. शिवाय धुळ्यात आत्तापासूनच असं ऊन तापलंय, की अंधारखोलीत औषधाचं पाणी कोमट होऊन बसतं. कोमट पाण्यात काम केलं की काचेच्या प्लेटीवरचा थर सालीसारखा सुटून येतो. हे तुला मी दहा वर्षं सांगत आलो आहे, नव्यानं पटवायला लागू नये. प्लेट सुखरूप आहे. लाल फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवली आहे आणि पेटीची किल्ली माझ्या करदोट्याला आहे.

केसरचे दिवस झाल्यावर अभिमन तुला न्यायला आला, तेव्हा मीच म्हटलं होतं, भावाबरोबर असोद्याला जाऊन ये, आईजवळ जरा बरं वाटेल. आठ दिवस म्हटलं होतं. सव्वा महिना झाला. तक्रार करत नाही, नुसतं सांगतो.

इकडं माझं ठीक चाललंय. सकाळी दुकान उघडायच्या आधी मी घरीच उजेडाचा सराव करतो, पूर्वीसारखाच. उत्तरेच्या खिडकीशी तिवई, मागं काळी घोंगडी, डाव्या हाताला उजेड परतवायला दोरीवर ताणलेलं पांढरं धोतर. तिवईवर कधी लिंबू, कधी पितळी फुलपात्र, कधी केसरची लाकडी ठकी. धोतर बोटभर पुढं ओढलं की लिंबाच्या अंधाऱ्या बाजूला गाल दिसायला लागतो, बोटभर मागं सारलं की तो गाल जातो. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की घामाघूम होतं आणि त्याला पाहून मीही. लिंबाचं तसं नाही. चकचकीत वस्तूसाठी तुझा चांदीचा करंडा फार उपयोगी पडायचा, पण तो तू नेलास. बरोबरच आहे, कुंकू लावायला तुला लागणार. मी फुलपात्रावर भागवतो.

शेजारच्या बेबाबाई काल खिडकीतून डोकावून म्हणाल्या, "भाऊ, एकला माणूस लिंबूना फोटो काढी राहिना. लोके काय म्हणतीन?" मी म्हटलं, लोकांना सांगा, लिंबू हलत नाही.

आईंना नमस्कार. फोटोची घाई करू नये.

जीवराम


धुळे, ता. १२ जून १९३५

चि. सौ. शेवंता हिस आशीर्वाद.

काल अभिमन आला होता. चाळीसगावला गाडी बदलून, उन्हातान्हाचा, न कळवता. दुकानाच्या पायरीवर वहाणा काढून उभा राहिला आणि पाणीसुद्धा न पिता म्हणाला, "दाजी, फोटो देऊन द्या. अक्का म्हनते, पोरीचं तोंड मले आता आठवत नही. दिवसभर कपाय धरून बसते."

मी त्याला सांगितलं, पेटीची किल्ली सापडत नाही. किल्ली त्या वेळी माझ्या कमरेला होती आणि मी उठलो तेव्हा ती वाजलीही. त्यानं ऐकलं असणार. जाताना तो भिंतीवरचे सगळे फोटो एकेक करून पाहून गेला. वकीलसाहेब, कचेरीतले कारकून, लग्नाची जोडपी, गदा घेतलेला तो पैलवान. सबंध गावाची तोंडं त्या भिंतीवर आहेत आणि आपली पोर नाही. त्यानं तेच पाहिलं असावं.

तेव्हा आता खोटं बोलत नाही. कागद एप्रिलमध्येच आला होता. प्लेट तर मी त्याच दिवशी औषधात धुतली, तिला माती देऊन परत आल्यावर, डोक्यावरून घेतलेल्या आंघोळीचं पाणी वाळायच्या आत. प्लेटीत दोष आहे. किती आणि कसला, ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. दोष काढता येईल असं मला वाटतं, आणि तो काढल्याशिवाय मी फोटो पाठवणार नाही. तू मला ओळखतेस. वाकडं काम मी गिऱ्हाइकाच्या हातात ठेवत नाही, तर तुझ्या कसं ठेवीन?

तुझे हात मात्र फार चांगले आले आहेत. एवढं तरी खरं मान. तू तिला मांडीवर घेऊन बसली होतीस, डाव्या हातावर तिची मान, उजव्या हातानं झग्याची बाही सारखी करत होतीस. मी म्हटलं, जरा डावीकडं सरक, खुणेवर ये, आणि तू तिच्यासकट सरकलीस. दारात माणसं खोळंबली होती. कुणीतरी म्हणालं, "भाऊ, आते उचलू द्या," आणि मी दोरीवरचं धोतर बोटभर पुढं ओढलं. तेव्हा तू मान वर करून माझ्याकडं पाहिलंस. त्या पाहण्याचा अर्थ मला अजून लागत नाही. तुला माझी लाज वाटत होती का? विचारायचं धाडस तेव्हा झालं नाही, म्हणून आता विचारतो.

जीवराम


धुळे, ता. २८ जुलै १९३५

चि. सौ. शेवंता हिस,

तुझं पाकीट मिळालं. इतकं लांब पत्र तू मला लग्न झाल्यापासून लिहिलं नव्हतंस. "तुम्ही माझ्या पोरीला पेटीत कोंडून ठेवलं" हे वाक्य मी पुन्हापुन्हा वाचलं. तू परत यावीस म्हणून मी फोटो अडकवून ठेवला आहे, असं तू म्हणतेस. असोद्याच्या बाया तुला तसं सांगत असतील. तर मग खरं काय ते ऐक, आणि मन घट्ट करून ऐक.

त्या प्लेटीवर केसर एकटी नाही.

पौषापासून मी वांग्यावर सराव करत होतो, ते तुला आठवत असेल. तुमच्या मळ्यातली भरताची वांगी, पांढरट हिरवी, लहान मुलाच्या डोक्याएवढी. कातडी अशी गुळगुळीत, की उजेड कुठं पडला आणि कुठं सरला ते लगेच कळतं. तोंडाच्या जागी वांगं ठेवायचं आणि उजेड बसवायचा. केसर ते दोन्ही हातांनी उचलून तिवईवर आणून ठेवायची आणि हाक मारायची, "आबा, गिऱ्हाईक आलं." एकदा तिनं तुझं काजळ घेऊन त्याला दोन डोळे काढले. मी रागावलो, तर म्हणाली, "त्याले डोये नही, मंग त्याले दिसीन कसं?" डोळ्यांसकट त्या वांग्याची मी एक प्लेट घेतली. दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला आणि ती प्लेट धुवायची राहून गेली.

त्याच प्लेटीवर मी केसरचा फोटो घेतला. एका काचेवर दोन चित्रं. तिवई मी तिच्या बसण्याच्या उंचीची केली होती, जमिनीवरच्या खुणा त्याच होत्या, कॅमेऱ्याचं अंतर मी गाठी मारलेल्या दोरीनं मोजतो तेही तेच होतं, म्हणून वांगं नेमकं तिच्या तोंडावर आलं आहे. मी अंदाजपंचे काम करणारा असतो तर ते मागच्या घोंगडीवर गेलं असतं आणि तोंड वाचलं असतं. खाली सगळं स्वच्छ आहे. झगा, पायातले वाळे, तुझे हात. आणि वर ते.

आता हे झालं कसं तेही लिहितो. प्लेट ज्या चपट्या लाकडी डबीत भरून कॅमेऱ्यात सरकवतात, तशा माझ्याकडं सहा डब्या आहेत आणि बाहेरून सगळ्या सारख्या. कोणत्या डबीतली प्लेट वापरून झाली आणि कोणती कोरी आहे ते कळावं म्हणून वापरलेल्या डबीला मी कुंकवाचं बोट लावतो, आणि प्लेट धुतली की ते पुसतो. तुला हे ठाऊक होतं. केसरला गोवर निघाला तेव्हा देवीचा कोप नको म्हणून तू घरातल्या एकूणएक वस्तूला हळदकुंकू लावलंस. जात्याला, चुलीला, कंदिलाला, आणि माझ्या सहाही डब्यांना. माझी खूण तुझ्या कुंकवात बुडाली. कोरी कोणती आणि भरलेली कोणती, ते कळायचा मार्गच उरला नाही.

तुझ्यावर आळ घेत नाही. तू आई आहेस, तुला सुचलं ते तू केलंस. पण झालं ते तुझ्या कुंकवानं झालं. विचारलंस म्हणून सांगितलं.

जीवराम


धुळे, ता. २० नोव्हेंबर १९३५

चि. सौ. शेवंता हिस आशीर्वाद.

चार महिने होत आले, तुझी ओळ नाही. मी तीन कार्डं टाकली. उत्तर येतं ते अभिमनचं, आणि त्यात "अक्का बरी आहे" यापलीकडं काही नसतं. दिवाळीला येशील असं वाटलं होतं. मी उटणं आणून ठेवलं होतं, ते तसंच कोनाड्यात आहे. एकट्यानं अंगाला उटणं लावून घेणं जमत नाही.

हे पत्र एका कामासाठी लिहितो आहे. वाचून तुला राग येईल, पण पुरतं वाच. चंपाषष्ठी दहा दिवसांवर आली. तुमच्याकडं वांगी खायला मोकळीक झाली की मळ्यातली पाचपंचवीस निवडून मला पाठव. भरतासाठी नकोत. आकार केसरच्या त्या गिऱ्हाइकासारखा हवा, देठाकडं जरा वाकडं आणि खाली फुगलेलं. तू ते पाहिलं होतंस, तुला निवडता येईल.

कशाला हवीत ते सांगतो. त्या वांग्यासारखंच वांगं त्याच जागी, त्याच उजेडात ठेवून मी त्याचा फोटो घेईन. मग त्याचं उलटं चित्र काचेवर उतरवीन, काळं तिथं पांढरं आणि पांढरं तिथं काळं. ती काच केसरच्या प्लेटीवर केसभरही न हलवता बसवली, की वांग्याला वांगं पुसून काढील आणि खाली केसर राहील. हे होण्यासारखं आहे. इंग्रजी पुस्तकात दिलं आहे, वकीलसाहेबांकडून मी वाचून घेतलं. सगळं अवलंबून आहे ते उजेड तोच पाडण्यावर. दुसरं कुणी म्हणालं असतं तर मी हसलो असतो, पण उजेड तोच पाडणं एवढी एकच गोष्ट मला येते.

एक अडचण होती, ती सुटली. आपल्या खिडकीत उजेड येतो तो समोरच्या गनीभाईच्या भिंतीवरून उलटून येतो. फोटोला चौकटी करून देणारे गनीभाई, केसरला काचेचे रंगीत तुकडे घासून द्यायचे तेच. दिवाळीत घरमालकानं ती भिंत निळी केली. निळ्या भिंतीवरून उजेड निराळा येतो. मी गनीभाईला म्हटलं, भिंत पुन्हा पांढरी करा. ते म्हणाले, "चुना तो मैं आज लगा देता, जीवरामभाऊ. मगर ये बैंगन का क्या चक्कर है, मेरे को बोलो तो सही." मग मी त्यांना सगळं सांगितलं. तुझ्याखेरीज हे ठाऊक असलेला तो एकच माणूस. त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः शिडीवर चढून भिंत पांढरी केली.

वांगी पाठव. पत्र नाही पाठवलंस तरी चालेल.

जीवराम


धुळे, ता. १८ जानेवारी १९३६

चि. सौ. शेवंता हिस आशीर्वाद.

वांगी तिन्ही वेळा पोचली. पहिली पाटी अभिमन घेऊन आला तेव्हा प्रत्येक वांगं वेगळ्या चिंधीत गुंडाळलेलं होतं, एकाच्याही कातडीला ओरखडा नव्हता. त्या चिंध्या केसरच्या जुन्या परकराच्या होत्या. तू काही लिहिलं नाहीस, पण तेवढ्यावरून मला कळलं की तुलाही हे व्हायला हवं आहे. मी त्या चिंध्या घडी करून ठेवल्या आहेत.

आता काय झालं ते लिहितो. आवडेल असं त्यात काही नाही.

दीड महिना रोज सकाळी नऊ ते साडेनऊ मी हेच केलं. गनीभाईच्या भिंतीवर ऊन आलं की सुरुवात, ऊन सरलं की बंद. एकोणीस वांगी झाली. एक रुंद, एक बुटकं, एकाचा उजेड अगदी बरोबर पण देठ उजवीकडं. सतरावं बसलं. खरोखर बसलं, शेवंता. त्याची काच मी केसरच्या प्लेटीवर ठेवली, खिडकीशी धरली, आणि वांगं विरत गेलं. मी काच हलू दिली नाही. वांगं गेलं, आणि त्याच्या खाली काहीच नव्हतं.

मला हे आधी कळायला हवं होतं. वीस वर्षं या धंद्यात आहे, नवशिक्यालाही सांगता येईल अशी गोष्ट आहे. वांग्याच्या चकाकीनं जिथं काच आधीच भरून गेली, तिथं केसरचं तोंड उमटायला जागाच नव्हती. जे काचेवर आलंच नाही, ते मी काढणार कुठून? कपाळ नाही, नाक नाही, डावा गाल नाही. कडेला एक कान आहे आणि हनुवटीची रेघ आहे. मी ती काच खाली ठेवली आणि धोतराखाली बसून मोठ्यानं रडलो. बेबाबाई आल्या. वांग्यांचा ढीग पाहून म्हणाल्या, "भाऊ, सारी गल्ली हासी राहिनी तुम्हले. इतला वांगास्नं भरीत तरी करी ल्या." मग त्यांनी माझं तोंड पाहिलं. उरलेली वांगी त्याच घेऊन गेल्या आणि सांजच्याला भाकरी आणून दिली.

एक गोष्ट मात्र गनीभाईनं दाखवली. त्यांच्याकडं बारीक पाहायचं भिंग आहे. त्यांनी मूळ प्लेट घेतली, पुष्कळ वेळ पाहिली आणि माझ्या हातात भिंग दिलं. केसरनं वांग्याला जे काजळाचे डोळे काढले होते, ते काळे, म्हणून तिथं काच कोरी राहिली होती. त्या कोऱ्या रेघांत केसर आली आहे. तेवढ्यात तिची कातडी दिसते, खरी. उजव्या डोळ्याच्या रेघेत गोवराचा एक ठिपकाही आहे. तिनं काढलेल्या दोन रेघांएवढीच ती उरली, बाकी तोंडभर वांगं. गनीभाई म्हणाले, "ये भाभी को दे दो, भाऊ. जैसा है वैसा."

मी दिलं नाही. तू ते पाहावंस असं मला वाटत नाही.

शेवटची पाटी ठेवताना अभिमननं मला विचारलं, "दाजी, तुम्ही अक्काले कुंकवाचं काय लिव्हलं?" मी विषय बदलला. त्याचा प्रश्न डोक्यातून जात नाही.

जीवराम


धुळे, ता. २४ फेब्रुवारी १९३६

चि. सौ. शेवंता हिस,

परवा वर्ष झालं. सकाळी मी तिवई मांडली नाही. दुकानही उघडलं नाही.

या पाकिटात फोटो आहे. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये घातला आहे. आधी हे पत्र वाच, मग पुठ्ठे सोड.

आषाढात मी तुला लिहिलं, की तुझ्या कुंकवानं हे झालं. ते खोटं आहे. अर्धं खरं सांगितलं की उरलेलं अर्धं लपतं, या धोरणानं लिहिलेलं खोटं. आता उरलेलं सांगतो.

गोवराच्या चौथ्या दिवशी मी अंधारखोलीत गेलो आणि डब्यांवर तुझं हळदकुंकू पाहिलं. तू केसरच्या उशाशी होतीस, तुला काही दिसलं नाही. माझा राग तुला माहीत आहे. घरात पोर तापानं फणफणत होती आणि मला राग आला तो माझ्या लाकडी डब्या पिवळ्या झाल्या म्हणून. ओलं फडकं घेतलं आणि सहाच्या सहा डब्या घासून पुसल्या, तुझं कुंकू आणि त्याखालची माझी खूण, दोन्ही. पुसताना माझ्या लक्षातही आलं, की वांग्याची प्लेट यातल्याच एकीत आहे. म्हटलं, नंतर पाहू. नंतर पाहायला सवड झाली नाही. त्या सकाळी मी हात घातला तेव्हा सहाही डब्या कोऱ्या दिसल्या, आणि मी पहिली हाताला आली ती उचलली.

तुझं कुंकू तसंच राहिलं असतं तर काय झालं असतं, ते मी वर्षभर मनाशी म्हणतो आहे, आज तुला लिहितो. सहाही डब्यांवर कुंकू दिसलं असतं. मी एकीवरही विश्वास ठेवला नसता. शिव्या देत देत कपाटातून नवी प्लेट काढून भरली असती, आणि केसरचं तोंड आज तुझ्यापाशी असतं. तुझ्या कुंकवानं तिला सांभाळलं असतं. ते मी पुसलं.

आणखी एक. तिचा दुसरा एकही फोटो का नाही, हे तू कधी विचारलं नाहीस. तो वांग्याचा सराव तिच्यासाठीच चालला होता. तिला सहावं लागलं म्हणून एक चांगला फोटो काढायचा होता, असा, की धुळ्यात कुणी पाहिला नसेल. तू तीनदा म्हणालीस, आजच काढून टाका, पोर नटून बसली आहे. मी तीनदा म्हणालो, उजेड अजून बसला नाही. माझी पोर समोर बसली होती आणि मी वांग्याकडं पाहत होतो. तू मला बोल लावला असतास तर बरं झालं असतं. लावला नाहीस, म्हणून मी तुला लावला.

मी यायचं म्हणतो. येत्या रविवारनंतरच्या रविवारी, आठ मार्चला, दुपारच्या गाडीनं जळगावला उतरेन. तुझी इच्छा असेल तर अभिमनला गाडी जुंपून स्टेशनावर पाठव. काय ते दोन ओळींत कळव. शाळेतल्यासारखं लिहायला जाऊ नको, बोलतेस तसंच लिही. तुझं बोलणं ऐकून वर्ष झालं.

जीवराम


असोदा, ता. ४ मार्च १९३६

केसरच्या आबाले शेवंताचा नमस्कार.

फोटो मियाला. पह्यले मायनं देखला, तिनं तोंड फिरवून घेतलं. मंग मी देखला. काजय तिच्याच हातचं आहे. उजव्या डोयाची रेघ लांब गेली, तशीच ती ठकीलेबी काढे. मी वयखलं. फोटो मी ठेवून घेतला.

त्या दिवशी मी तुमच्याकडे कामून देखलं ते तुम्ही विचारलं व्हतं. मले लाज नव्हती वाटत. तुम्ही धोतर पुढे वढा, मांगे वढा, दिवसभर वढा, असं मले वाटे. फोटो झाला का ते तिले मांडीवरून उचलतीन, हे मले ठाऊक व्हतं.

डब्यांचं मी काही म्हनत नही. मानसाच्या हातून व्हतं. वांग्याचंबी काही म्हनत नही. पन तुमचं आखाडातलं पत्र आलं, त्या दिवसापासून मी कुंकू लावलं नही. माह्या कुंकवानं पोरीचं तोंड गेलं, असं तुमच्या हातचं लिव्हलेलं व्हतं. मंग तेच बोट कपायाले कसं लावू? करंडा मायच्या पेटीत ठेवून देला. माय रडली, पाया पडली, तरी लावलं नही. सात महिने झाले.

आता तुम्ही म्हनता, कुंकवाचं काही नव्हतं, पुसलं ते तुम्हीच. मले समजलं. तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी करंडा मांगून घेतला. रोज सकायी उघडते, बोट बुडवते, आन हात कपायापर्यंत जात नही. बोट पदराले पुसून घेते.

अभिमन गाडी घेऊन यायले तयार व्हता. मी नही म्हटलं. तुम्ही येऊ नका.

विहिरीवर नव्या बाया येता, माह्या कपायाकडे देखता, आन हयूच विचारता, मालक कधी गेले? मी सांगते, गेले नही. तिकडे धुये गावाले आहे. फोटो काढता.

शेवंता